मासे खाटेच्या उंचीवर

लढाईच्या दिवसांत, मी शहापूरला नांदायला आल्यावर दुसऱ्या दिवाळीनंतर, माझ्या सासऱ्यांचं डावं अंग लुळं पडलं. त्यांना मी मामा म्हणे आणि सासूला आत्या. मामांनी सगळी नोकरी कसाऱ्याला घाटाच्या इंजिनांवर काढली होती. नोकरी सुटली त्या सुमारास तिथला एक साहेब विलायतेला परत निघाला आणि जाताना आपली माशांची पेटी मामांना देऊन गेला. चारी बाजूंना काच, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या आणि तळाला काळी फरशी. दोन हात लांब असेल.

साहेबाचे तांबडे मासे पहिल्याच उन्हाळ्यात मेले. मग मामांनी भारंगी नदीतले आपलेच मासे आणून सोडले. चपळ, चांदीसारख्या दांडवणी आणि रेतीत तोंड खुपसून बसणाऱ्या मुऱ्या. आत वनस्पती लावल्या, मागच्या काचेला लागून दगडांची उतरण रचली. मागच्या काचेवर शेवाळ धरलं तेही मुद्दाम राहू दिलं, हिरवा पडदा होतो म्हणून. पेटी पडवीच्या कडेला उंच घडवंचीवर, तोंड अंगणाकडे. येणारा जाणारा अंगणात उभा राहून बघत असे. आमच्याकडचे लोक आधी एकच विचारत, "खात नाय तर ठेवलेत कशाला?"

मामा आजारी पडले तेव्हा त्यांची खाट पडवीतच भिंतीलगत टाकली, कारण तिथे उजेड होता. उजवा हात चालत होता, वाचा गेली होती. तोंडातून नुसता घुरघुर आवाज येई. आठवडाभरानंतर ते हाताने कुठेतरी दाखवू लागले आणि चिडू लागले. आत्या पाणी द्यायच्या, ते तोंड फिरवायचे. पांघरूण घातलं, काढलं. खिडकी लावली, उघडली.

"काय पायजे ते कळंल का नाय मला एकदा?" आत्या म्हणायच्या आणि उठून आत जायच्या. चुलीपाशी बसून डोळे पुसायच्या, ते मला दिसायचं.

सासऱ्यासमोर सुनेने बसायचं नाही, बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. पण पेज भरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण आत्यांचे हात थरथरायचे. उभ्याने भरवता येईना, म्हणून एका सकाळी मी डोक्यावर पदर ओढून खाटेशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी पुन्हा हात वर केला. हाताच्या रोखाने मी मान वळवली, तर समोर घडवंचीची फळी, तिच्यावर दगडांची पाठ आणि हिरवी बुळबुळीत काच. मासा एकही दिसत नव्हता. ह्या माणसाने रोज पहाटे उठून ज्या पेटीची निगा केली, तिची फक्त पाठ त्याच्या वाट्याला आली होती.

मी आत जाऊन आत्यांना सांगितलं. त्या बाहेर आल्या, माझ्यासारख्याच खाली बसल्या आणि बघत राहिल्या.

"अगो बाई," एवढंच म्हणाल्या.

पेटी नुसती फिरवून भागणार नव्हतं. भरलेली पेटी हलवायची तर काच जाते. शिवाय ती खाली आणायला हवी होती आणि आतली सगळी मांडणी उलटी व्हायला हवी होती. माझे यजमान कसाऱ्याच्या यार्डात कामाला. त्यांची सुट्टी आली तशी आम्ही कामाला लागलो. मासे मातीच्या दोन मडक्यांत काढले. तांब्याच्या घंगाळात मासे जगत नाहीत, हे मामांनी आत्यांना पूर्वीच बजावलं होतं. रबरी नळीने पाणी ओढलं, पहिला घोट माझ्या तोंडात आला. ते पाणी परसातल्या वांग्यांना घातलं. वनस्पती मुळांसकट सोडवून ओल्या फडक्यात गुंडाळल्या. दगड काढले तर त्यांच्याखालची रेती काळी पडलेली आणि तिला कुजका वास. ती सारी फेकली. नदीवरून नवी रेती आणली आणि पाणी निवळेपर्यंत धूत बसले. रेती धुताना माझी बोटं गारठून गेली होती.

पेटी खाटेच्या उंचीच्या पेटाऱ्यावर ठेवली, थोडं पाणी घालून बघितलं, तर एक कोपरा पाझरायला लागला. काचेचे सांधे बुजवणारी लांबी वाळून तडकली होती. यजमानांनी जवसाच्या तेलात खडूची भुकटी आणि शेंदूर मळून नवी लांबी भरली आणि ते ड्यूटीवर निघून गेले. ती सुकेपर्यंत मासे मडक्यातच. रोज पाणी बदलायचं काम माझं. दोन दांडवणी उडी मारून बाहेर पडल्या आणि मांजराने नेल्या. मामांनी ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

लांबी सुकली तेव्हा मी पुन्हा मांडणीला बसले. आत्या म्हणाल्या, "त्यांना इचारून लाव. पेटी त्यांचीय."

विचारायचं कसं? मी एकेक दगड उचलून त्यांच्यासमोर धरायची आणि मग पेटीतली जागा दाखवायची. हात उचलला की तिथे ठेवायचा. डोळे मिटले की नाही. रिबिनीसारखी लांब पात्यांची वनस्पती मी सवयीने मागे ओळीत लावायला घेतली, त्यांनी डोळे मिटले. दोन्ही बाजूंना लावून दाखवली, हात वर आला. बारीक पिसांसारखी होती ती एका कोपऱ्यात. वैशाखऱ्याहून, माझ्या माहेरच्या ओढ्यातून, भावाने एक मुळाचं खोड आणून दिलं होतं. काळं, पाण्यात बुडून राहणारं. ते आडवं ठेवायला त्यांनी लगेच हात उचलला.

सगळ्यात मोठा दगड मी मधोमध ठेवला. मला तो तिथे शोभेल असं वाटलं. मामांकडे न बघताच मी त्याच्या बुडाशी रेती दाबायला लागले.

"नको."

मी दचकून हात बाहेर काढला. आवाज जाडाभरडा होता, पण शब्द नीट होता. आत्या आतून तांदूळ निवडायचं सूप घेऊनच बाहेर आल्या.

"कोण बोललं?"

मी मामांकडे बोट दाखवलं. त्यांच्या तोंडाची उजवी बाजू वर ओढली गेली होती. हसत होते.

"नको," ते पुन्हा म्हणाले.

आत्या मटकन खाली बसल्या. सूप कलंडून तांदूळ पडवीभर झाले. डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "बोलाया लागले ते बी नकोच म्हणाया!"

दगड मी कडेला सरकवला. मध्ये मोकळी रेती राहिली, आणि खाटेवर पडल्या पडल्या पेटीच्या आरपार अंगणातला उजेड दिसायला लागला. मागची काच मी घासून साफ केली होती. पाणी सावकाश, रेतीवर केळीचं पान ठेवून त्यावर ओतलं, तरी ते दोन दिवस गढूळच होतं. निवळल्यावर मासे सोडले. मुऱ्यांनी पहिल्याच दिवशी अर्ध्या वनस्पती उकरून वर आणल्या. त्या मला पुन्हा पुन्हा लावाव्या लागल्या.

पुढचे काही महिने मामांचा दिवस त्या पेटीसमोर गेला. बरेच दिवस तेवढा एकच शब्द होता. पेज, औषध, अंघोळ, सगळ्याला नको. मग हळूहळू दुसरेही शब्द आले, अर्धेमुर्धे. मला ते "पोरी" म्हणू लागले, आणि मीही पदर डोक्यावर ठेवून त्यांच्याशी बोलू लागले. घरात कुणी त्याला हरकत घेतली नाही.

आत्या दुपारचं निवडणं-टिपणं खाटेजवळ आणू लागल्या. "ती लंगडी मासळी आज दिसत नाय," असं काहीतरी त्या म्हणायच्या आणि मामा बोटाने दाखवायचे, ती खोडाखाली आहे म्हणून.

उन्हाळा लागला तेव्हा मामा पाठीला लोड लावून बसू लागले. बसल्यावर पेटी त्यांच्या नजरेच्या खाली गेली, पाण्याचा वरचा थरच दिसे. दोन-तीन दिवस ते मान वाकवून बघत राहिले. मग एका सकाळी उजवा हात खालून वर नेत म्हणाले, "वर. वर घ्या."

मी आत्यांकडे बघितलं. विहिरीचं पाणी तेव्हा खोल गेलेलं, एकेक हंडा ओढताना खांदे भरून यायचे. मला वाटलं, त्या आता नको म्हणतील. त्यांनी हंडा कमरेवर घेतला आणि त्या अंगणात उतरल्या.

"नळी काढ गो," त्या वळून म्हणाल्या. "आणि मडकी धुवून ठेव."