हात लावायचा नाही

समोरच्या मैदानावर माझी लेक पुन्हा वाकली, चेंडू हाताने उचलला आणि शिट्टी वाजली. मला तर कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. हर्लिंग म्हणतात इथे आयर्लंडमध्ये या खेळाला. हवेतला चेंडू हातात धरलेला चालतो, पण जमिनीवरचा आधी चपट्या काठीनेच वर घ्यायचा. शेजारची मेरी नव्या माणसांना रविवारी हे शिकवते. येताना गाडीत लेक म्हणाली होती, "आज नाही जमलं तर परत नाही येणार गं आई. राहीन आपली इथल्या लोकांशी हाय-हॅलोपुरती."

म्हणून माझा जीव खालीवर. "अगं वैजू, काठीने!" मी ओरडतेय, आणि हिचा हात आपला खाली. बरं, चिडायचं तरी कोणावर? सांडलेले तांदूळ असोत की पायाला लागलेली वही, वाकून हाताने उचलायचं हे मीच शिकवलेलं. माणूस विमानाने एवढ्या लांब येतं, पण हाताची सवय काही घरी ठेवून येता येत नाही.

एवढ्यात चेंडू घरंगळत माझ्या बाकाशी आला. आणि मी काय करावं? उचलला की पटकन, हाताने!

"आई, फाउल!" वैजू तिथूनच ओरडली. धावत आली, चेंडू माझ्याकडून घेऊन गवतावर ठेवला आणि काठी माझ्या हातात दिली.

"अशी धर. नाहीच जमलं, तर पुढच्या रविवारी बघू."