मुळापासून बदला, साहेब

मच्छे गावातल्या ज्या कारखान्यात नोकरी मागायला गेलो, त्याच कारखान्याच्या मालकांना मी सांगून आलो की इथलं सगळं मुळापासून बदलायला हवं. तेही इंग्रजीत.

कारखाना मी धड पाहिलाही नव्हता. फाटकापासून ऑफिसपर्यंत चालत गेलो, शिपायानं दिलेलं पाणी प्यालो, एवढीच माझी पाहणी. मत असं काही नव्हतंच, पाठांतर होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बी.ए. होऊन मी निपाणीत घरी बसलो होतो. सरकारी नोकरीला कन्नड हवं, ते मला बाजारापुरतं येत होतं. राहिली इंग्रजी. मूळचे अनगोळचे एक निवृत्त मास्तर आमच्या गावात इंटरव्ह्यूची शिकवणी घेत. त्यांचा सिद्धांत असा, की देश बदलतो आहे, तेव्हा साहेब लोक बदलाबद्दलच विचारणार. म्हणून त्यांनी आमच्याकडून बदलाची इंग्रजी घोटून घेतली. बरं झालं तर ‘चेंज फॉर द बेटर’, माणूस सुधारला तर ‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’, आणि सगळंच पालटलं तर ‘सी चेंज’. यात समुद्र कुठून आला हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

घरात कमावणारी एकटी आक्का. तंबाखूच्या वखारीत तंबाखू चाळायला बसायची, नाकातोंडावर जुन्या लुगड्याची पट्टी बांधून. तरी खोकायचीच. डॉक्टरांनी वखार सोडायला सांगितलं होतं, आणि मला नोकरी लागली की सोडायची असं आमचं ठरलं होतं. सकाळी मी अंगणात ‘सी चेंज, सी चेंज’ करत फेऱ्या मारायचो, ती आत खोकत भाकरी थापायची. इंटरव्ह्यूच्या दिवशी तर तिनं ती पट्टी धुऊन शेजारणीला देऊनच टाकली. मला आता लागत न्हाय म्हणाली.

मालकांनी सहज विचारलं, आमचं काम कसं वाटतं?

“इट नीड्स अ सी चेंज, सर,” मी म्हणालो. “यू मस्ट स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच.” आणि सुटलोच. पाठ केलेलं एकही वाक्य वाया जाऊ दिलं नाही. मालकांशेजारी बसलेल्या म्हाताऱ्या हिशेबनिसांनी चष्मा काढून मला नीट बघून घेतलं.

मालकांनी शांतपणे विचारलं, नेमकं काय बदलू?

हे मास्तरांनी शिकवलं नव्हतं. मी वर बघितलं.

“फॅन, सर.”

पंखा छान फिरत होता.

मग मालक मराठीत बोलले. गोदामात आलेला माल लिहून ठेवायला त्यांना एक माणूस हवा होता, आहे ते आहे तसं चालू ठेवणारा. कळवतो म्हणाले. त्यात कळवायचं काही उरलं नव्हतं, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

घरी येऊन आक्काला सगळं सांगितलं, पंख्यासकट. निदान हसेल असं वाटलं होतं. ती उठली, शेजारणीकडे गेली आणि पट्टी परत मागून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहून तिनं ती बांधायला घेतली. तोंड झाकण्याआधी माझ्याकडे बघून म्हणाली,

“कारखाना बदलाय गेलतास व्हय रं? तुझी चड्डी आजून मला धुवाय लागतीया.”