भोंगेवाल्यांची लपवायची जागा

भोंगेवाले स्वभावाने अबोल. गाड्यांना अलार्म बसवण्यात त्यांची तीस वर्षं गेली; म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्यांनी बोंबलायची सोय करून हे स्वतः गप्प राहिले.

त्यांची खासियत होती जोडभोंगा. शहाणा चोर आधी गाडीच्या बॅटरीची वायर कापतो, की नेहमीचा अलार्म मूग गिळून बसतो. म्हणून हा दुसरा, मुठीएवढा भोंगा. त्याच्या पोटात त्याची स्वतःची छोटी बॅटरी. वायर तुटली की हा सुरू. बंद करायचा तर त्याच्या अंगावरच्या कुलपात किल्ली फिरवायची. अर्थात तो सापडला तर. तो सापडू नये हीच कला. त्याची वायर गाडीच्या बाकीच्या वायरींच्या जुडग्यात घालून वर तीच काळी टेप गुंडाळायची आणि जागा कुणाला सांगायची नाही. मालकालाही नाही. "मालक मेव्हण्याला सांगतो," ते म्हणत, "आणि मेव्हणा जगाला." लिहून ठेवणंही त्यांना मान्य नव्हतं. साडेतीनशे गाड्या, साडेतीनशे जागा, सगळं डोक्यात.

अलीकडे डोक्यातून जागा गळायला लागल्या होत्या. चष्मा काय, सगळ्यांचाच हरवतो. पण एका टॅक्सीतला भोंगा शोधायला त्यांना अर्धा तास लागला, तेव्हा "तपासणी चालू आहे" म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. हे वाढलं तर दुकान बंद करावं लागणार, हे त्यांना कळत होतं. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही. लपवण्यात हयात गेलेल्या माणसाला तेवढं जमतंच.

मग एका सकाळी फिरत्या ग्रंथालयाची गाडी केकाटत दारात आली. आत पुस्तकांच्या फळ्या आणि 'शांतता राखा' अशी पाटी. ग्रंथपाल बाई कानात कापूस घालून उतरल्या.

"रस्ताभर लोकांनी वाट दिली, काका. ॲम्ब्युलन्सला देत नाहीत इतकी."

भोंगेवाल्यांनी रिमोट दाबून पाहिला. उपयोग नाही. भोंग्याची वायर कुठेतरी गंजून तुटली होती आणि चोर आलाय अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली होती. आता तो शोधून किल्ली फिरवण्याला पर्याय नव्हता. त्यांनी बॉनेटखाली पाहिलं, सीटखाली पाहिलं, स्टिअरिंगमागे मान घातली. सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी बसवलेला. पण आठवणीच्या नावाने शून्य.

"तुम्हीच बसवलाय ना?" बाई ओरडून म्हणाल्या.

"बसवलाय की."

"मग?"

"मग चांगला बसवलाय."

दुकानामागेच घर. काकू भांड्यांचे ओले हात घेऊन बाहेर आल्या. गाडीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. जरा वेळ नवऱ्याची धडपड पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, मागे बघा. डावीकडे, वरती. हात वाकडा करून घालावा लागेल अशी फट असेल."

शेवटच्या फळीमागे तशी फट होती. किल्ली फिरली. पाटीचं म्हणणं एकदाचं खरं झालं.

बाई गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"साखर बंद झाल्यापासून लिमलेटच्या गोळ्यांचा डबा कुठे असतो तुमचा? कपाटात, मागे, डावीकडे, वरती. त्याआधी सिगारेटी तिथेच असायच्या."

भोंगेवाले स्टुलावर बसले. साडेतीनशे जागा म्हणून ज्यांचं ओझं डोक्यात वागवलं, त्या सगळ्या मिळून एकच जागा होती. ज्या चोराने त्यांच्याशी संसार केला असता, त्याला एकही गाडी जड गेली नसती.

"मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून दिलेली चिठ्ठीपण तिथेच आहे," काकू हात पुसत म्हणाल्या. "चार महिने झाले."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"डब्यातल्या गोळ्या मोजते ना मी दर रविवारी. वाट बघत होते, कधी सांगताय."

"विसरलो सांगायचं," ते म्हणाले. काकूंना हसू आलं, मग आलेलं थांबलं.

चिठ्ठी टेबलावर आली आणि त्याच आठवड्यात दोघं जाऊन आले. गोळ्या सुरू झाल्या, कडू. त्या कुणी लपवत नाही.

दुकान चालू आहे. वायरी अजून तेच जोडतात, हात काही विसरलेले नाहीत. जागा मात्र काकू ठरवतात आणि लक्षातही त्याच ठेवतात. गिऱ्हाईक विचारतं, "कुठे बसवलात?" भोंगेवाले आता अगदी खरं तेच सांगतात.

"मला विचारू नका."