बंद करायचं नाही

माझ्या साडूंनी आयुष्यात चालू असलेली कोणतीही वस्तू आपण होऊन बंद केलेली नाही. इंदिरानगरमधल्या त्यांच्या घरी डिसेंबरच्या थंडीतही पंखा फिरत असतो आणि पाहुणे त्याखाली शाली पांघरून चहा पितात. भाजी घेताना स्कूटर चालूच असते. मेथीवाली घासाघीस न करता, केवळ धुरातून सुटण्यासाठी, त्यांनी म्हटलेल्या भावाला जुडी देऊन टाकते.

याचं मूळ अंबडच्या कारखान्यात आहे. तिथे साडू थ्रस्ट बेअरिंग बनवतात, म्हणजे फिरत्या दांड्याचा पुढे येणारा रेटा झेलणारी तबकडी. त्यांच्या तबकडीत तेल नसतं, पातळ लवचिक पत्र्याच्या पाकळ्या असतात. दांड्याने वेग घेतला की त्याच्या चकतीखाली हवा ओढली जाते, पत्रा किंचित दबतो आणि चकती हवेच्या थरावर तरंगते. मग कशाला काही लागत नाही. घासतं ते फक्त सुरू होताना आणि थांबताना. "झीज चालण्यात नसते, थांबण्यात असते," हे त्यांनी माझ्याच लग्नाच्या पंगतीत, जिलबी हातात धरून मला समजावलं होतं. व्याख्यानालाही ते हाच नियम लावतात. पंगत उठली तरी जिलबी हातातच होती.

मागच्या वर्षी डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप बदलावी लागेल, आणि लवकर. साडूंनी पद्धत विचारली.

"हृदय थोडा वेळ थांबवतो, झडप बसवतो, पुन्हा सुरू करतो."

साडू उठले आणि घरी आले.

सगळ्यांनी समजावलं. निफाडचे चुलते तर द्राक्षांची पेटी घेऊन समजावायला आले. साडूंचं एकच, "जन्मापासून न थांबता चाललंय. थांबवलं आणि पुन्हा उचललंच नाही, तर?" यावर कोणाला हसू येत नव्हतं. जिना चढताना ते मध्येच बसू लागले होते. विचारलं तर म्हणत, "जरा देखावा बघतोय." समोर पाण्याच्या टाक्या होत्या.

शेवटी त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, कणीक मळता मळता म्हणाल्या, "अहो, तुमचं ते बेअरिंग गिऱ्हाइकाला देण्याआधी तपासता कसं?"

"बंद-चालू करून. हजारो वेळा."

"आणि टिकतं?"

"टिकणारच. मी बनवलंय."

"म्हणजे भरवसा फक्त स्वतःच्या मालावर! देवाचा माल एकदासुद्धा तपासू द्यायचा नाही?"

साडूंनी वाद तिथेच थांबवला. असं होताना आम्ही प्रथमच पाहत होतो. मग म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव."

ऑपरेशन झालं. हृदय थांबलं, आणि सुरूही झालं. दुसऱ्या दिवशी ताईंबरोबर मलाही आत सोडलं. किती वेळ बंद होतं, हेच ते आधी विचारणार, अशी माझी खात्री होती. ताई चादर सारखी करत होत्या, बाटली सरकवत होत्या, नर्सला औषधाची वेळ विचारत होत्या. त्यांची ती धावपळ पाहून साडू घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बस गं जरा. कालपासून उभी आहेस."

"मला काय धाड भरलीय?" ताई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. बसल्यावर मात्र त्यांना रडू आवरेना. साडूंनी त्यांचा कणकेची सवय झालेला हात हातात घेतला.

मी बाहेर येऊन काचेतून पाहिलं. त्या दोघांना असं नुसतं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.