गट पंचेचाळीस, हिस्सा दोन

मुरबाडला आमच्या शेतकरी सोसायटीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला खोली मिळाली ती खताच्या गोदामाला लागून. युरियाचा वास, वर कुरकुरणारा पंखा आणि कल्याणला फॉक्सप्रोचा कोर्स करून आलेली मी. काम एकच होतं. भाताचं बियाणं येण्याआधी, कोणाची जमीन किती आणि त्याला बियाणं किती, याच्या पावत्या मशीनने काढायच्या.

भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते आणि मशीन अडून बसलं होतं. सभासदांची फाइल माझी, जमिनीची फाइल कल्याणच्या एका कंपनीने करून दिलेली. दोन्ही गट नंबरावर जोडायला गेलं की पडद्यावर 'टाइप मिसमॅच'. मी गट नंबर अक्षरं म्हणून ठेवला होता, त्यांनी आकडा म्हणून, आणि मशीनच्या लेखी या दोघांची सोयरीक जमत नाही.

कंपनीला फोन केला. तुमचाही आकडा करून टाका, एरर जाईल, असं त्यांनी सांगितलं. गेली असती, हे खरं. पण आकड्यात तिरकी रेघ बसत नाही. ४५/१ आणि ४५/२ दोघेही नुसते ४५ झाले असते आणि सगळ्या गटाची पावती पहिल्या खातेदाराच्या नावाने निघाली असती. घरात वाटून घेतील की, असं वर ऐकवलं. माझं डोकं सणकलं.

४५/२ हा माझ्या धाकट्या काकूचा तुकडा. काका गेल्यावर तो तिच्या नावावर चढला, पण हाताने लिहिलेल्या पावतीवर बियाणं अख्ख्या गटाचं मिळून तिच्या थोरल्या दिराकडे, म्हणजे माझ्या मोठ्या काकांकडे जायचं. दर वर्षी तिने त्यांच्या पडवीत जाऊन मागायचं आणि त्यांचं पेरून उरेल ते घ्यायचं. तिची लावणी शिवारात सगळ्यांत मागे. मशीन आलं हे कळल्यावर ती एसटीने मुद्दाम आली होती.

"माझं बी माझ्या नावानं येल का गो?"

मी हो म्हणून बसले होते. सचिवांनी मात्र बजावलं होतं की बियाण्याचा ट्रक येईपर्यंत जमलं नाही तर नेहमीसारखं हातानेच वाटप.

आधी त्यांच्या आकड्याचं अक्षरांत रूपांतर करून पाहिलं. एरर गेली आणि एकही नाव जुळेना. हे तर आणखी वाईट. एरर निदान तोंडावर सांगते. मशीन आकड्याच्या डावीकडे गुपचूप कोरी जागा भरत होतं. ती छाटली, तर बिनहिश्शाचे गट जुळले, हिश्शांचे तसेच राहिले, कारण त्यांच्या फाइलीत रेघेपुढचं काही उरलंच नव्हतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गट नंबरांची बेरीज कोणी कधी करतं का? काकूच्या शेतात दिराचं शेत मिळवून कोणता गट येतो? ज्याची बेरीजच करायची नाही तो आकडा कसला, ते तर नाव झालं. मी त्यांच्या फाइलीतला तो रकानाच अक्षरांचा केला, सात-बारे समोर घेतले आणि एकेक हिस्सा स्वतः भरला. प्रोग्राम चालवला. सगळी नावं जुळली. मला इतका आनंद झाला की गोदामात जाऊन मी युरियाच्या थप्पीवर जोरात थाप मारली.

वाटपाच्या दिवशी मोठे काका रांगेत पुढेच होते. पावती बघून त्यांनी बाकीचं कुठे म्हणून विचारलं. सचिवांनी माझ्याकडे बोट केलं.

"काका, तुमचं तुमाला मिळालं," मी म्हणाले. "काकूचं काकूला."

ते बाजूला जाऊन उभे राहिले. काकूची पाळी आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने पावती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि सचिवांना वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी तिचं पूर्ण नाव वाचलं, पुढे गट पंचेचाळीस, हिस्सा दोन.

"परत वाचा," काकू म्हणाली. "जरा मोठ्यानं. मागपर्यंत जाऊ दे."