उजवा कौल

मीच मला फसवलं आणि नाव देवाचं घेतलं. आज देवळात एक मुलगी परगावच्या नोकरीसाठी कौल लावायला आली. मूर्तीवर चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली, म्हणजे देवाचा होकार. तरी ती घाबरत म्हणाली, "गुरवकाका, पुन्हा लावा."

"देवाशी घासाघीस करतेस होय गं?" काका हसले.

माझं डोकं तापलं, माझ्यावरच. सुमनशी लग्न करू का, असं विचारून मीही उजवा कौल नाकारला होता आणि डावा पडेपर्यंत पाकळ्या लावायला लावल्या होत्या. बाजारात कुणाला न भिणारा मी तिच्या वडिलांना भ्यायलो. पाकळी पडण्याआधीच माझ्या आत होकार उमटला होता. तोच देव होता, आणि माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. सुमन माझ्या होकारासाठी वर्षभर थांबली होती. माझ्यातल्या त्या भित्र्याने समोर यावं आणि तिच्या त्या वर्षाचा जाब द्यावा.