बैलाच्या पत्रीचा खिळा

वाकसईच्या अलीकडं मागचं चाक बसलं. मी मोटारसायकल रस्त्याच्या कडेला घेऊन स्टँडवर लावली. सीटमागचा डबा उघडला, तर आत बिस्किटं.

"डॉक्टरसाहेब, पंक्चरचं सामान कुठं आहे?"

"त्यातच असेल. खाली बघ."

खाली दोन पॅच होते, काचपेपरचा तुकडा होता, एक पक्कड, एक पाना, हवेचा छोटा पंप होता आणि सोल्यूशनची पिळून सपाट झालेली ट्यूब होती. टायर रिममधून उचकटायला दोन लिव्हर लागतात. तिथं एकच होता.

"दुसरा लिव्हर?"

"दवाखान्यात आहे. औषधांची खोकी उघडायला बरा पडतो."

"आणि सोल्यूशन?"

"गरम पाण्याची पिशवी गळत होती," डॉक्टर म्हणाले आणि घड्याळाकडं बघायला लागले.

हा डबा मीच त्यांना भरून दिला होता, महिनासुद्धा झाला नव्हता. लोणावळ्याच्या बाजारात माझं सायकल आणि मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. डॉक्टर साठे हे माझं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात त्रासदायक गिऱ्हाईक. माणूस हुशार, हाताला गुण, पण गाडीच्या बाबतीत बेफिकीर. लढाईचे दिवस होते. नवी ट्यूब डोळ्यांना दिसत नव्हती. त्यांच्या मागच्या चाकाच्या ट्यूबवर मूळ रबर कमी आणि माझे पॅच जास्त होते. त्याच आठवड्यात ती दोनदा बसली होती.

म्हणूनच त्या सकाळी ते मला दुकानातून उचलून घेऊन आले. मळवलीच्या स्टेशनमास्तरांची तार आली होती. स्टेशनपासून चारेक मैल आत, डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत, धोंडिबा नावाच्या शेतकऱ्याला बैलानं मांडीत शिंग मारलं होतं. रक्त थांबत नव्हतं. पुण्याकडची गाडी नुकतीच गेली होती, पुढची दोन तासांनी. मी माझी हत्यारांची पिशवी घ्यायला वळलो, तर डॉक्टर म्हणाले, "सगळं आहे गाडीत. बस मागं." मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

ज्यांनी हे काम कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकावर दिसतो तो टायर. त्याच्या आत हवा भरलेली रबरी ट्यूब असते. पंक्चर होतं ते ट्यूबचं. टायरची एक कड रिमच्या बाहेर काढायची, ट्यूब ओढायची, भोक शोधायचं. भोकाभोवती काचपेपरनं घासायचं, सोल्यूशन लावायचं आणि ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. मग पॅच दाबायचा. यात अवघड काही नाही. अवघड असतो तो डोक्यावर उभा राहिलेला गाडीचा मालक.

दुसऱ्या लिव्हरच्या जागी मी पान्याचा दांडा घातला. तो दोनदा निसटला आणि बोटाची सालं निघाली. डॉक्टरांनी लगेच आयोडिन काढलं. मी म्हटलं, "ते राहू द्या, हा लिव्हर धरा." भोक सापडलं. सोल्यूशनची ट्यूब दाताखाली धरून पिळली तेव्हा जेमतेम थेंबभर निघालं.

"लाव आता पॅच."

"वाळू द्या साहेब."

"अरे, तिकडं माणूस रक्तानं भिजलाय."

"ओल्यावर लावला तर फर्लांगभरसुद्धा टिकणार नाही."

त्यांच्या येरझारा सुरू झाल्या. पॅच बसला. आता राहिलं एकच काम. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. जे टोचलं ते अजून तिथंच आहे का, ते बघायचं. मी हात घातला तोच डॉक्टर ओरडले, "इब्राहीम, आता काय कुरवाळत बसलास? टायर चढव."

आणि मी चढवला, हवा भरली. वीस वर्षांची सवय मी एका ओरडण्यापायी सोडली. हा दोष डॉक्टरांचा नाही, माझा आहे.

कार्ल्याच्या फाट्यावरून वळलो, इंद्रायणीवरचा पूल झाला, मळवलीचं फाटक झालं. पुढं बैलगाडीची वाट. मैलभर गेलो असू, तेवढ्यात मागचं चाक फतकल मारून बसलं.

या वेळी आधी टायरच्या आत बोट घातलं, तर टोक कचकन टोचलं. पक्कडीनं उपसून काढला तो बैलाच्या पत्रीचा खिळा. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तिचे खिळे झिजून रस्त्यात गळतात. हा रबरात पुरता रुतून बसला होता, बाहेरून दिसत नव्हता. माझा नवा पॅच आणि त्याच्या शेजारची ट्यूब त्यानं चाळणी केली होती. सोल्यूशन संपलेलं. पॅच हातात असून उपयोग नाही.

शेजारच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. तिथून धोंडिबाचा भाऊ गेणू धावत आला. तो डॉक्टरांचीच वाट बघत थांबला होता.

"का थांबलासा? चला की."

"चाक बसलंय," मी म्हटलं. "इथून वाडी किती?"

"तीन मैल हाय. चालत लय येळ जाईल. बैलगाडी जुंपू का?"

बैलगाडीला तास लागला असता. मला खळ्यातला पेंढा दिसला.

"गेणूभाऊ, पेंढा आणा. भरपूर. आणि ओला करा."

खळ्यावरच्या एक मावशी म्हणाल्या, "गाडीला वैरण घालतोस व्हय?"

"व्हय मावशी. आज तेच खाणार ती."

चाक खोलायला वेळ नव्हता. रिकामी ट्यूब आतच चपटी ठेवली आणि तिच्यावर पेंढ्याचे पीळ कोंबत गेलो. गेणू पीळ वळून देत होता, मी लाकडानं ठोकत होतो. डॉक्टरांनी कोट काढला आणि तेही पीळ वळायला बसले. त्यांचे पीळ सैल होते. मी ते परत वळायला दिले. ते त्यांनी मुकाट्यानं वळले. पाव तासात टायर दगडासारखा झाला.

मी गेणूच्या खळ्यावरच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण वाटेत पेंढा निसटला तर परत कोंबायला कुणीतरी हवं म्हणून मागं बसलो. त्या तीन मैलांत माझी हाडं खिळखिळी झाली.

धोंडिबा ओसरीवर आडवा होता. चेहरा पांढरा पडलेला, मांडीला धोतराचं फडकं आवळून बांधलेलं. बायको डोक्याशी बसून कांदा हुंगवत होती. गेणू आमच्या मागून धापा टाकत पोचला, तोवर डॉक्टरांनी हात धुऊन फडकं सोडलं होतं.

"लवकर शिवा साहेब," गेणू म्हणाला. "लय रगत गेलंय."

"थांब. आधी आत काय राहिलंय ते बघू दे."

असं म्हणून त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. त्यांनी जखमेत बोट घातलं, धोंडिबा विव्हळला, आणि चिमट्यात धोतराचा मळका तुकडा बाहेर आला. शिंगाबरोबर आत गेलेला. तसंच शिवलं असतं तर मांडी सडली असती. मग शिरेला गाठ मारली आणि टाके घातले.

धोंडिबा जगला. पुढच्या पेरणीला तो जरा लंगडत का होईना, औतामागं होता. रिम मात्र वाकली. ती सरळ करायला मला दोन दिवस लागले, आणि टायरमधला पेंढा उपसायला तिसरा.

डॉक्टरांनी नंतर नवा लिव्हर मागितला नाही. जुनाच दवाखान्यातून परत आणला, म्हणाले. मी मान डोलावली आणि त्यांच्यासमोर डबा उघडून पाहिला. लिव्हर नव्हता. पुढं मी एवढंच केलं. गाडी माझ्याकडं आली की मालक काय सांगतो ते ऐकायचं नाही, डबा स्वतः उघडायचा. आणि कुणी घाई करायला लागला, की त्याला समोरच्या हॉटेलात चहाला पाठवायचं. काम तेवढ्याच वेळात होतं, पण नीट होतं.